नाव एक, स्वभाव दोन

खालाजान आणि अम्मी, दोघींच्या रिपोर्टवर एकच नाव होते: ‘डीसीआयएस’. म्हणजे कर्करोगाच्या पेशी दूधनलिकेतच, भिंत ओलांडून बाहेर न गेलेल्या. खालाजानचे लहान शस्त्रक्रियेवर भागले. अम्मीचा मात्र पूर्ण स्तन काढायचे ठरले. ‘माझ्याच हातून असा कोणता गुन्हा घडला?’ अम्मी रडली. आम्हा बहिणींकडे उत्तर नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी समजावले, ‘तुमच्या बहिणीच्या पेशी मंद, कमी ग्रेडच्या, जागाही छोटी. तुमच्या उच्च ग्रेडच्या, बऱ्याच नलिकांत. नाव एक, स्वभाव वेगळा. यात गुन्हा कुणाचाच नाही.’

अम्मीने डोळे पुसले आणि बिस्मिल्लाह म्हणून सही केली.

आता कुणी रिपोर्ट दाखवला, की आम्ही ग्रेड, आकार आणि हार्मोनची तपासणी विचारतो. दुसरीच्या उपचाराशी तुलना करू देत नाही.