रिकिबीतून पाय काढल्यावर

इंदूरहून पूर्वेकडे निघालं की विंध्याची उतरण लागते, सागाची रानं वाटेवर ओणवतात, उजेड पानांतून चाळून खाली येतो, आणि मग एकाएकी सगळं मोकळं होतं: कन्नौदची काळीभोर माती, गुडघाभर गहू, हरभऱ्याच्या पानांवरची आंब, आणि दूर नेमावरच्या अंगाला, दिसत नसली तरी वाऱ्यात ओली जाणवणारी नर्मदा.

या उतरणीवरून एक घोडेस्वार पायी खाली येताना मला दिसतो.

कुठल्याही बखरीत त्याचं नाव नाही. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपुरास, क्षिप्रेच्या काठी, होळकरांची फौज इंग्रजांपुढे मोडली. पंधरवडा उलटताच, ६ जानेवारी १८१८ ला, मंदसोरचा तह झाला, आणि जन्मभर खोगिरावर बसलेल्या माणसांना जमिनीवर उतरावं लागलं. शिलेदाराचं घोडं निदान त्याचं स्वतःचं. बारगिराचं तेही नाही. ज्या मानेवर रात्री डोकं टेकून डुलकी काढली, जिच्या घामाचा वास अंगरख्याला कायमचा चिकटला, तिच्यावरून अखेरचा हात फिरवताना त्या तळव्यात काय काय दाटून आलं असेल!

तशी शेती त्याच्या रक्तातच होती. त्याचे पणजे दसऱ्याला शिलंगण करून मुलूखगिरीला निघत आणि आगोटीच्या आत घराकडे वळत. भाला पेलणारे हात मृगात रुमणं धरत. पण १७२८ च्या अमझेऱ्याच्या लढाईनंतर मराठी घोडी माळव्यात रुळली, मोहिमा लांबल्या, आणि देशावरचं गाव पिढ्यांमागे धूसर होत गेलं. परतायचं तर कुठं? ज्या मुलखातून दौडत गेलो, तोच आता घर म्हणायचा.

ते कुणाला साधलं, कुणाला नाही. पेंढाऱ्यांतला करीमखान फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि दूर गोरखपुराकडे जमीन कसत राहिला. दुसरा पेंढारी, चितू, मात्र घोड्यावरून उतरलाच नाही. सातवास-नेमावरचा हा मुलूख त्याच्या पायाखालचा; १८१९ मध्ये याच टापूत, कांटाफोडच्या रानात, वाघानं त्याला मारलं. त्याचं घोडं सापडलं तेव्हा पाठीवर जीन तसंच होतं आणि ते चरत होतं. स्वाराविना घोडं त्या रानात, आणि घोड्याविना स्वार इथं, या काळ्या रानात, कार्तिकातल्या उन्हात तिफणीमागं चालणारा, चाड्यावर मूठ धरून दाणा दाणा सोडणारा.

पहिला गहू उगवला असेल, त्या रात्रींचा मी पुन्हा पुन्हा विचार करते. घोडदळ पोटावर चालतं, आणि घोड्याचं पोट शेवटी कुणाच्या तरी उभ्या पिकानं भरतं. शिवरायांना हे नेमकं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी चिपळुणाजवळच्या हलवर्ण्याच्या छावणीला दाणावैरण पुरवून वापरण्याची, कुणब्यांना उपद्रव न देण्याची कडक ताकीद दिली होती. पुढं ती ताकीद किती टापांखाली विरली! आणि आता हा माणूस बांधावर घोंगडं पांघरून जागा आहे. लांबून टापा ऐकू येतात. पूर्वी त्या आवाजानं त्याची छाती फुगायची. आज तो दचकून उठतो, कोवळ्या पातींकडे बघतो, आणि आपण जन्मभर तुडवत आलो त्या हिरव्याला केवढं काळीज लागलेलं असतं, हे त्याला त्या अंधारात उमगतं.

तो खरा पायउतार.

मग बाकीचं हळूहळू येतं. घोड्याच्या कानावरून मन ओळखणारे डोळे बैलाचा थकवा ओळखू लागतात. घरात मराठी, बांधावर माळवी. पण एक गोष्ट अवघडच राहते: पाऊस हुकला, गेरव्यानं गहू तांबारला, तरी टाच मारून पुढच्या परगण्यात निघून जाता येत नाही. जमीन माणसाला थांबायला लावते, आणि थांबण्याला रणातल्यापेक्षा वेगळी छाती लागते.

लढायांच्या तारखा आपण पाठ करतो. हातचं पीक गेल्यावरही घरातलं बियाणं पोटच्या पोरांपासून राखून ज्या दिवशी त्यानं पुन्हा पेरलं, ती तारीख कुणी टिपून ठेवली नाही. माझ्या लेखी मात्र त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा पराक्रम त्या दिवशीचा आहे.