कालवे मोजणारी मुले

शाळेत शिकविलेले विज्ञान शाळेच्या फाटकाबाहेर कोणाच्या उपयोगी पडते काय, हा प्रश्न आमच्या लहानपणी कोणी विचारीत नसे. मुंबईच्या मराठी शाळेत आम्ही प्रयोगाची वही अगदी नीटनेटकी ठेवली. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे चार मथळे, शेजारी पेन्सिलीने काढलेली चंचुपात्राची आकृती आणि खाली बाईंची लाल सही. परंतु त्या चंचुपात्राला हात लावण्याचा योग क्वचितच आला. बाई टेबलावर प्रयोग करीत आणि मागच्या बाकावरून जेवढे दिसे तेवढे आम्ही लिहून घेत असू. पुढे नर्सिंगच्या शिक्षणासाठी वॉर्डात उभे राहिलो तेव्हा पाहणे आणि करणे यांतील अंतर कळले. थर्मामीटर वाचता येणे निराळे, आणि तापाने फणफणलेल्या, हातपाय झाडणाऱ्या मुलाच्या काखेत तो धरून ठेवणे निराळे.

आज हे लिहिण्याचे कारण असे की, येथे न्यू यॉर्क शहरात हायस्कूलची मुले एक काम करीत आहेत, आणि ते आम्हांला जवळून पाहावयास मिळाले. आमची नात त्या मुलांपैकीच एक. आपल्या समाजातील वाचकांना ते सांगावेसे वाटले. पण विषय ऐकून काही घरांत प्रथम नाके मुरडली जातील हेही ठाऊक आहे. विषय आहे कालवांचा.

कालव म्हणजे काय हे कोकणातून आलेल्या माणसाला सांगावयास नको. अलिबाग, रेवदंडा, नवगाव या किनाऱ्यावर ओहोटी लागली की कोळणी खडकावर बसून शिंपला फोडून आतले कालव काढीत. आपल्या आज्या-पणज्यांनी ते रोज पाहिले, पण आपल्या टोपलीत कधी घेतले नाही. ज्याला पर आणि खवले तो मासा आपला. कोळंबी, खेकडा, शिंपल्या, कालवे वर्ज्य. इंग्रजीत यालाच ऑयस्टर म्हणतात.

न्यू यॉर्कचे बंदर एके काळी या कालवांनी भरलेले होते. लेनापी लोक, म्हणजे येथले मूळ रहिवासी, ती खात आणि शिंपल्यांचे ढीग किनाऱ्यावर रचीत. मॅनहॅटनमधील पर्ल स्ट्रीटचे नाव या शिंपल्यांवरून पडले असे सांगतात. ज्या बेटावर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा उभा आहे त्याला डच लोक मोठे कालव-बेट म्हणत, आणि ज्या एलिस आयलंडवर लाखो परदेशी माणसे बोटीतून उतरली ते धाकटे कालव-बेट. एकोणिसाव्या शतकात येथे हातगाड्यांवर कालवे विकली जात. गरिबांचे ते खाणे होते. पुढे उपसा फार झाला, शहर वाढले, आणि शहराचा सगळा मैला बंदरात जाऊ लागला.

नर्स म्हणून या गोष्टीचा पुढला भाग आम्हांला अधिक जवळचा वाटतो. १९२४-२५ च्या हिवाळ्यात न्यू यॉर्क, शिकागो, वॉशिंग्टन या शहरांत विषमज्वराची साथ आली. सुमारे १,५०० माणसे आजारी पडली, दीडशेच्या आसपास दगावली, आणि शोध घेता घेता बोट दूषित पाण्यातील कालवांकडे गेले. शिंपल्यांवर सरकारी आरोग्य-देखरेख या देशात तेव्हापासून आली. १९२७ साली न्यू यॉर्क बंदरातील कालवांचे शेवटचे मळे खाण्यासाठी बंद झाले. विषमज्वराचा रोगी ज्यांनी सांभाळला आहे, त्याची सुकलेली जीभ आणि तिसऱ्या आठवड्यातील धास्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा निर्णय किती योग्य होता ते समजेल. परंतु मळे बंद झाले तरी मैला बंद झाला नाही. मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूचे सांडपाणी तर १९८६ साली नॉर्थ रिव्हर येथील शुद्धीकरण केंद्र सुरू होईपर्यंत तसेच हडसन नदीत जात होते.

आता मुलांकडे वळू. २००३ साली ब्रुकलिनच्या बुशविक भागात न्यू यॉर्क हार्बर स्कूल नावाची एक सरकारी हायस्कूल सुरू झाली. २०१० साली ती बंदरातील गव्हर्नर्स आयलंड या बेटावर गेली. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरून फेरीबोटीने मुले शाळेत जातात. नेहमीच्या विषयांबरोबर बोट चालविणे, बोटीचे इंजिन दुरुस्त करणे, पाण्याखाली बुडी मारून काम करणे आणि कालवांची पैदास करणे हेही तेथे शिकवितात. त्या शाळेशी संबंधित मरे फिशर आणि पीट मॅलिनोव्स्की या दोघांनी २०१४ साली बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट नावाची संस्था स्थापन केली. २०३५ सालापर्यंत बंदरात शंभर कोटी कालवे परत वसवावयाची असा संकल्प आहे. आतापर्यंत दहा कोटींहून अधिक सोडली गेली आहेत, आणि शहरातील इतर अनेक शाळांची मुलेही या कामात हात लावतात.

काम कसे चालते ते सांगतो. कालवाचे पिल्लू जन्मल्यावर दोनतीन आठवडे पाण्यात तरंगत असते. मग त्याला बसावयास काही कठीण जागा लागते, आणि त्याची सर्वांत आवडती जागा म्हणजे जुन्या कालवाचा शिंपला. बंदराचा तळ गाळाने भरल्यामुळे तशी जागा उरली नाही. म्हणून शहरातील उपाहारगृहांतून, लोकांनी खाऊन टाकलेले शिंपले गोळा करतात. असे वीस लाख पौंडांहून अधिक शिंपले कचऱ्यात जाण्यापासून वाचले आहेत. ते बेटावर वर्षभर ऊन-पाऊस खात पडतात, म्हणजे त्यांतील घाण आणि रोगजंतू नष्ट होतात. मग हौदात शिंपले आणि पिल्ले एकत्र ठेवतात, आणि पिल्ले चिकटली की बंदरात नेऊन सोडतात.

एवढा खटाटोप कशासाठी? मोठे कालव, हवापाणी मानवले तर, दिवसाला ५० गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे १९० लिटर पाणी गाळते. त्याच्या कल्ल्यांवर बारीक केस असतात. ते पाणी आत ओढतात, खाण्याजोगे शेवाळ ठेवून घेतात आणि उरलेला गाळ चिकट पदार्थात गुंडाळून बाहेर टाकतात. हे वाचले तेव्हा आम्हांला माणसाची श्वासनलिका आठवली. तेथेही असेच सूक्ष्म केस धूळ कफात गुंडाळून वर ढकलतात. दम लागलेल्या रोग्याची पाठ थोपटताना आम्ही त्या केसांनाच मदत करीत होतो. शिवाय कालवांच्या राशी वाढल्या की त्यांच्या आडोशाला मासे येतात आणि लाटांचा जोर थोडा मोडतो. २०१२ च्या सँडी वादळाने स्टेटन आयलंडचा किनारा फोडला, तेव्हा त्यापुढे दगडी बांध घालावयाचे ठरले. ते बांध २०२४ साली पुरे झाले, आणि त्यांच्यावरही कालवे वसविण्याची योजना आहे.

आमच्या नातीच्या शाळेकडे धक्क्यावरून दोरीने सोडलेला एक पिंजरा आहे. मुले तो ठरावीक दिवशी वर ओढतात, कालवांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात, पाण्याचे तापमान, खारेपणा आणि त्यात विरघळलेला प्राणवायू तपासतात, आणि सगळे आकडे तक्त्यात भरतात. हातमोजे घातल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावावयाचा नाही आणि हाताला जखम असेल त्याने त्या दिवशी फक्त लिहावयाचे, असा नियम आहे. आम्ही प्रथम तीच चौकशी केली होती.

गेल्या ऑगस्टमध्ये पिंजरा वर आला तेव्हा पन्नासांत एकोणीस कालवे मेलेली निघाली. जिवंत कालवाला टिचकी मारली की ते मिटते. ही उघडी ती उघडीच. मुलांचा चेहरा उतरला. वर्षाअखेरीस शाळेत प्रदर्शन होते, दुसऱ्या शाळांचे आकडे शेजारी लागणार होते. एक मुलगा म्हणाला, मेलेली पाण्यात टाकून देऊ आणि जिवंत तेवढीच मोजू. कोणाला काय कळणार? काहींना ते पटले. आमच्या नातीला पटले नाही, पण चारचौघांत तिला उत्तर सुचेना. मेलेली कालवे एका बादलीत ठेवून, उद्या ठरवू असे म्हणून सगळे घरी गेले.

रात्री ती आम्हांला म्हणाली, “आजी, तुमच्याकडे असं होत असे का?”

आम्ही तिला वॉर्डातील तक्त्याची गोष्ट सांगितली. रात्री दोन वाजता रोग्याचा ताप १०४ असेल तर १०४ च लिहावयाचा. सकाळी मोठे डॉक्टर रागावतील, आपल्या पाळीला नाव येईल, म्हणून १०२ लिहिला तर रागावणे टळते, पण औषध चुकते आणि ते रोग्याला भोगावे लागते. तक्ता आपल्या अब्रूसाठी नसतो, रोग्यासाठी असतो. “तुमचा रोगी कोण?” आम्ही विचारले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “पाणी.”

दुसऱ्या दिवशी मुलांनी एकोणीस हा आकडा जसाच्या तसा लिहिला. बादलीतील शिंपले शिक्षकांच्या समोर एकेक करून पाहिले, तेव्हा कित्येकांवर टाचणीने पाडावे तसे बारीक गोल भोक दिसले. कालव कोरून खाणारी एक लहान गोगलगाय या बंदरात असते. ती पिंजऱ्यात शिरली होती. बाकीच्यांवर भोक नव्हते. मात्र त्या महिन्यात पाण्यातील प्राणवायू कमी झाल्याचे मुलांच्याच तक्त्यात नोंदले होते. मुलांनी पिंजरा घासून साफ केला आणि त्यातील गोगलगायी वेचून काढल्या. मेलेली कालवे पाण्यात टाकली असती तर हे भोक कोणी पाहिले असते?

हे लहानसे उदाहरण झाले. २०१४ साली मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात पिण्याचे पाणी बदलले, आणि जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरू लागले. २०१५ मध्ये तेथील रहिवाशांनी स्वतः घरोघर बाटल्यांत नमुने भरून दिले, आणि मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या रक्तातील शिशाचे आकडे पुढे ठेवले. अधिकाऱ्यांनी प्रथम ते नाकारले, मग मान्य करावे लागले. साध्या माणसांना मोजता येणे आणि खरे लिहिता येणे यावर कधी कधी लेकरांचा जीव अवलंबून असतो.

आता आपल्या घरांतील शंका. आमच्या मोठ्या जाऊबाई लोदला राहतात. फोनवर हे ऐकून त्या म्हणाल्या, “अगं, मुलीला दुसरं काही मिळालं नाही? वर्ज्य वस्तू हातात घ्यायची?” आम्ही म्हटले, “वहिनी, खाणे वर्ज्य आहे. जगू देणे कुठे वर्ज्य सांगितले आहे?” त्यावर त्या हसल्या. आणि गंमत अशी की, या बंदरातील कालवे आज कोणीच खाऊ शकत नाही. पाणी अजून त्या लायकीचे नाही. म्हणजे बंदरापुरते सगळे न्यू यॉर्क शहर आपल्या पंगतीला येऊन बसले आहे!

पण ही बाब हसण्यावारी नेण्याजोगी नाही. चोरून कोणी ही कालवे काढून विकली तर माणसे आजारी पडतील. याच भीतीने २०१० साली शेजारच्या न्यू जर्सी राज्याने दूषित पाण्यात लावलेली अभ्यासाची कालवे काढून टाकावयास लावली. पुष्कळांना ते कठोर वाटले. आम्हांला त्यांची चिंता समजते. तसेच कालव हा मैल्यावरचा इलाज नव्हे. या शहरातील सुमारे ६० टक्के गटारांत पावसाचे पाणी आणि मैला एकत्र वाहतात, आणि जोराचा पाऊस आला की ते मिश्रण बंदरात जाते. ते थांबविणे हे मोठ्या माणसांचे आणि पालिकेचे काम आहे. मुलांच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवून त्यांनी आपली जबाबदारी टाळू नये. उलट मुलांचे आकडे हातात घेऊन त्यांना जाब विचारावा.

आपले पूर्वज समुद्राने किनाऱ्याला लावले अशी आपली परंपरा सांगते. त्यांच्या पणतवंडांनी पुढे देश बदलले. कोणी लोदला, कोणी अश्दोदला, कोणी येथे. नव्या गावात आपण घर घेतो, नोकरी करतो, मुलांना शाळेत घालतो, पण त्या गावाचे पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे बहुधा विचारीत नाही. आमच्या नातीला आज आपल्या धक्क्याखालचे पाणी ठाऊक आहे. ते गाव तिचे आहे असे म्हणावयास तिला आणखी कोणता दाखला हवा?

म्हणून वाचक बंधुभगिनींना एवढेच सांगणे आहे. तुमचा नातू किंवा नात उद्या चिखलाने भरलेले बूट घालून घरी आली आणि ओढ्याचे, मातीचे, हवेचे काही मोजत होतो म्हणाली, तर आधी बुटांवरून बोलू नका. काय मोजले ते विचारा. आणि आकडा वाईट निघाला असेल, तर तो तसाच लिहिला का, हेही विचारा.