बुटका गहू, खोल ओल

चिमटा आता माझ्या बोटांत स्थिर राहत नाही. खपली गव्हाची तुसं चिवट, दाण्याला घट्ट धरून असतात. संकरासाठी परागकोष काढताना एखादा फुटला की ती ओंबी वाया. यंदा ते काम माझ्या विद्यार्थिनीनं घेतलं आणि मी अंधारात उगवलेले कोंब पट्टीवर मोजत बसतो.

या कोंबांनीच माझा पिच्छा पुरवला आहे. भालकी, औराद, आळंदकडचा कोरडवाहू गहू पावसाळ्यानंतर राहिलेल्या ओलीवर येतो. वरची काळी माती झपाट्यानं सुकते, ओल खाली उतरते, म्हणून बी खोल टाकावं लागतं. जुनी उंच खपली आणि बन्सी हे गहू तिथूनही वर येत. मात्र पाणी-खत मिळालं की लोळत.

लोळणं थांबवलं ते जपानच्या १९३५ सालच्या नोरिन-१० या वाणातल्या जनुकांनी. गहू-पैदासकार बोरलॉग यांच्या मेक्सिकोतल्या वाणांतून ती इकडे आली. १९६६ साली भारतानं असं १८ हजार टन बियाणं आणवलं. पण या जनुकांमुळे झाड जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाला दाद देत नाही, त्यामुळे काडाबरोबर कोंबावरचं आवरणही आखूड होतं. बी खोल पडलं की पान मातीतच गुंडाळून मरतं.

धारवाडच्या डीडीके १०२९ आणि पुण्याच्या आघारकर संस्थेच्या एमएसीएस २९७१ या वाणांनी खपलीही ठेंगणी केली. ओलिताला उत्तम. मात्र ओलिताच्या वाफ्यात निवड करून कोरडवाहू शेतकऱ्याला शिफारस करणारे पैदासकार मला पटत नाहीत. मोहाचं म्हणाल तर तो मलाही आहे: एका उंचीचा, कापल्यासारखा सपाट वाफा पाहून शिवारफेरीतले लोक बांधावर थबकले की माझी छाती फुगते. न उगवलेल्या रोपासाठी कोण थबकतं?

आघारकर संस्थेनं बन्सीच्या जातकुळीतल्या गव्हात आरएचटी-१४ आणि आरएचटी-१८ ही जनुकं ६ए गुणसूत्रावर नेमकी शोधली आहेत. त्यांनी काड ठेंगणं होतं, पण कोंब आखूड होत नाही. ती खपलीत आणायची, तर संकराच्या पुढच्या पिढ्यांत हवी ती उंची मिळते तिथे नेमकं तूस सुटं पडतं आणि खपलीपण जातं.

विद्यार्थिनी म्हणते, "सर, आधी तूस बघू." मी म्हणतो, आधी कोंब. यावर मी माघार घेणार नाही. आणि काड ठेंगणं, कोंब लांब, तूस चिवट असं झाड ओळखणारी नजर माझीच असावी, हा लोभही सोडणार नाही.