काळ्या रानातील नांगरट

अंबाजोगाईचे नाव काढताच वाचकांस मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधी आठवतील. आम्हांस मात्र गावाबाहेरची आमची ५ एकर काळी जमीन आठवते. ही जमीन मोठी मानी आहे. पाणी पिऊन ती फुगते, उन्हाने आटते, आणि वैशाखात तिला अशा भेगा पडतात की हातातील काठी खुशाल आत घालावी. ओली असता ती पायास सोडीत नाही. वाळल्यावर फाळास आत घेत नाही. या दोहोंमधील थोडक्या दिवसांस शेतकरी वाफसा म्हणतो.

गेल्या फाल्गुनात आमचा भाचा अमेरिकेतून ८ दिवसांच्या रजेवर आला, तो आपल्या आईचा हिस्सा विकावयाचे मनात धरूनच. बैलजोडी आम्ही आदल्याच वर्षी विकली होती, भाड्याचा मोठा ट्रॅक्टर वेळेवर मिळत नव्हता आणि ज्वारी निघून रान तसेच पडले होते. तेव्हा त्यास उत्तर देणे आम्हांस जड जाई. मात्र शेजाऱ्यांचा लहान ट्रॅक्टर पाहून तो खुलला. तिकडे त्याच्या घरी असाच एक आहे. गवत कापावे, बर्फ लोटावे, एवढेच त्याचे काम. पण त्यास गियर बदलण्याची यातायात नाही. इंजिन पंप फिरविते, पंपातील तेल दाबाने मोटर फिरविते आणि मोटर चाकांस. पायाखालची पट्टी दाबावी तसा वेग वाढतो. हे ऐकून, असे यंत्र येथे मिळेल काय, म्हणून आम्ही मुदतठेव मोडण्याचा विचार करू लागलो, हे कबूल केले पाहिजे.

रजेचे दोन दिवस उरले असता शेजाऱ्यांचाच ट्रॅक्टर मागून आणला. नुकताच अवकाळी पाऊस पडून गेला होता. आमच्या जुन्या सालगड्याने टाचेने माती उकरली, मुठीत दाबून तिची गोळी वळली आणि आमच्यापुढे धरली. "आणखी चार दिस थांबा, मालक."

थांबण्यास भाच्यापाशी दिवस कोठे होते? पहिले तास वीस पावले गेले. उलटलेली माती साबणाच्या वडीसारखी चकाकू लागली आणि चाके जागच्या जागी गरगरू लागली. भाचा खाली उतरला. "मामा, चाकांना धरायला मातीच तयार नाही, तिथे गियर काय करील? माझा ट्रॅक्टर असता तर नुसतं तेल तापवीत बसला असता."

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ मध्ये निघाला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. त्यांस आम्ही आजवर हसत आलो. आमची चूक उलट जातीची होती, इतकेच.

भाचा गेल्यावर दोन दिवसांनी वाफसा झाला. तोच ट्रॅक्टर, तोच नांगर. ढेकळे मोकळी सुटू लागली. रात्री त्याचा फोन आला. हिश्श्याविषयी तो काही बोलला नाही; फाळ किती खोल गेला, एवढेच त्याने विचारले. आम्ही वीत लावून पाहिली नव्हती. सकाळी मोजून सांगतो, म्हटले.