नेरूळची छत्री आणि बर्फावरचे ऊन

नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ उद्यानात तळ्याकाठी आपण सकाळची फेरी मारता, तेव्हा छत्री किंवा रुंद काठाची टोपी बव्हंशी पुरते. पाणी आणि गवत अतिनील किरणांपैकी १० टक्क्यांहूनही कमी किरण परतवतात. ऊन वरून येते आणि वरच अडते.

लेकीकडे कॅनडाला किंवा नातवंडांसह मनालीला जाल, तेव्हा मात्र हा हिशेब उलटतो. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. ते टोपीखालून डोळ्यांत शिरतात. शिवाय दर १००० मीटर उंचीमागे त्यांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते. ध्रुवाकडे सूर्य कललेला, म्हणून ऊन मवाळ असते खरे. परंतु ओझोनचा थर विरळ झाला की तो दिलासाही उणावतो. अंटार्क्टिकावरील ही घट १९८५ मध्ये जगापुढे आली. उत्तर ध्रुवावरही २०११ आणि २०२० च्या वसंतात थर बराच विरळ झाला होता. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारामुळे तो आता हळूहळू सावरतो आहे.

थंडीत चटका जाणवत नाही, हाच खरा धोका. डोळ्यांची आग काही तासांनी सुरू होते. म्हणून सामान बांधताना स्वेटरसोबत अतिनील किरण अडवणारा, बाजूंनीही झाकणारा चष्मा ठेवा. नाकाखाली व हनुवटीखालीही सनस्क्रीन लावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असल्यास निघण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्या. डोळे दुखू लागल्यास चोळू नका. उजेडापासून दूर बसा आणि डॉक्टरांना दाखवा.