फाईल एकदा उघडून बघा

बहिणीला विचारूनच लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी ती सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली. तिची फाईल घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. सिस्टर रिपोर्ट चाळत म्हणाल्या, "हिमोग्लोबिन आहे, शुगर आहे, एचआयव्ही आहे. व्हीडीआरएल आणि हिपॅटायटिस बी कुठंय?"

नव्हतेच. आधीच्या डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, "चांगल्या घरातल्या आहेत, म्हणून लिहिल्या नाहीत."

रक्त दिलं. व्हीडीआरएल निगेटिव्ह. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह.

तिला ना ताप, ना डोळे पिवळे. सासरहून पहिला प्रश्न आला, "हे कुठून आणलंस?" आठ दिवस पोरगी धड जेवली नाही. मग डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची तपासणी करायला सांगितली. मी निगेटिव्ह, दाजी निगेटिव्ह. आमची आई पॉझिटिव्ह! म्हणजे बहिणीला हे बहुतेक जन्मतानाच मिळालेलं. आईला तरी कुठं माहीत होतं? तेव्हा तिला कुणी तपासलंच नव्हतं.

जन्मताना लागण झाली, तर दहातल्या नऊ बाळांत हा आजार कायमचा राहतो आणि पुढे लिव्हर खराब करू शकतो. पण तो अडवता येतो. बाळाला 24 तासांच्या आत लस, आणि आई पॉझिटिव्ह असेल तर 12 तासांच्या आत इम्युनोग्लोबुलिनचं इंजेक्शन. आम्हाला आधी कळलं, म्हणून ते इंजेक्शन आणून ठेवता आलं. पुढचे डोसही वेळेवर दिले. वर्षाच्या आत भाच्याची तपासणी केली. निगेटिव्ह. त्या दिवशी आई देवापुढं किती वेळ बसून होती.

व्हीडीआरएलचंही तसंच. ती सिफिलिसची तपासणी. वेळेत पेनिसिलिन मिळालं तर बाळ वाचतं, नाहीतर पोटातच दगावू शकतं. नवऱ्यानंही तपासून घ्यायचं, लाजायचं नाही.

घरात कुणी गरोदर असेल तर आज फाईल उघडा. एचआयव्ही, व्हीडीआरएल, हिपॅटायटिस बी, हे तिन्ही रिपोर्ट आहेत का बघा. नसतील तर डॉक्टरांना विचारा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. आशाताईंना विचारलं तरी त्या सांगतील.

आणि कुणी "चांगल्या घरातले" म्हणालं, तर सांगा, आमचंही घर चांगलंच आहे.