रात्रीचा सराव



आपल्या घरांत मुलाच्या स्वप्नाची चौकशी होते ती ते वाईट पडले तरच. "काही नाही, झोप हं," म्हणायचे आणि पाठ थोपटायची. योसेफाची स्वप्ने आपण दरवर्षी सिनेगॉगमध्ये ऐकतो; पेंढ्या, सूर्य, चंद्र, तारे सगळे पाठ आहे. पण पोराला सायकलचे किंवा पोहण्याचे साधे स्वप्न पडले, तर ते ऐकायला कोणाला वेळ नसतो. मी आयुष्यभर लहान मुलांना शिकवले. मला वाटते, ते ऐकावे.

माझी नात सात वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात अश्दोदला सायकल शिकताना पडली. हनुवटीला दोन टाके पडले. "मी पुन्हा बसणार नाही," असे सांगून तिने सायकल जिन्याखाली ढकलली. तिचे बाबा म्हणत, रोज अर्धा तास बसलीच पाहिजे. ती रडे, आई चिडे. आठवड्याभराने सकाळी दूध पिताना ती म्हणाली, "आजी, रात्री मी सायकल चालवली. समुद्राकडे उतार होता. मी ब्रेक दाबला आणि थांबले." मी एवढेच विचारले, "कसा दाबलास?" तिने हवेत दोन्ही मुठी आवळून दाखवल्या. संध्याकाळी सायकल तिनेच बाहेर काढली. त्या दिवशी चार पायडल मारून पाय टेकला, इतकेच. पण पंधरा दिवसांत ती गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागली.

याला चमत्कार म्हणू नये. 2002 साली अमेरिकेत मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना ठरावीक क्रमाने बोटांनी कळा दाबायला शिकवले. दिवसभर जागे राहून फारसा फरक पडला नाही. रात्रीच्या झोपेनंतर मात्र वेग सुमारे 20 टक्क्यांनी वाढला. 2010 साली एरिन वॉम्स्ली आणि रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी 99 जणांना संगणकावरच्या भुलभुलैयातून वाट शोधायला लावली आणि त्यांतल्या काहींना मध्ये झोपू दिले. ज्या चौघांना त्या भुलभुलैयाचे स्वप्न पडले, त्यांची प्रगती सर्वांत जास्त झाली. गंमत म्हणजे आधीच्या सरावात हेच लोक मागे होते. जे जड जाते, तेच मन रात्री पुन्हा हाताळत असावे.

हे प्रयोग मोठ्यांवरचे होते, हे लक्षात ठेवा. स्वप्नामुळेच शिकणे होते, की आत शिकणे चालू असल्याची ती नुसती खूण असते, याचा निकाल त्यातून लागत नाही. आणि दिवसा हात लावलाच नाही, तर रात्री काही शिजत नाही.

आपल्या वर्गालाही हे लागू आहे. अक्षर काढणे हे हाताचेच कसब. इथली मुले हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात; मराठीसाठी हाताला उलट वळण लावावे लागते. 'ळ' आणि 'क्ष'पाशी तर पुष्कळजण अडतात. आम्ही गेल्यावर ही अक्षरे काढणारे हात घरात उरतील का, ही काळजी माझ्या वयाच्या प्रत्येकाला आहे. म्हणून पालकांना वाटते, रात्री उशिरापर्यंत बसवून पाने भरून घ्यावीत.

तसे करू नका. संध्याकाळी दहा मिनिटे अक्षर गिरवू द्या. मग वही मिटा आणि मुलाला वेळेवर झोपू द्या. सकाळी हळूच विचारा, "काय स्वप्न पडलं रे?" काहीच आठवत नसेल तर सोडून द्या, खोदून विचारू नका. आठवत असेल तर मराठीत सांगू दे, मोडक्यातोडक्या का होईना. मधे चुका काढू नका.

आणि मुलांनो, कुणाच्या स्वप्नात 'ळ' आलाच, तर पुढच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवा.